गेटासमोर घोंगडी

"आजोबा, नातीचं लग्न उरकून टाका. उलट्या करते पोरगी. मी काय म्हणते ते कळतंय ना?"

अंबडच्या पोरींच्या वसतिगृहात, हापिसात, दुसऱ्या पालकांच्या देखत रेक्टरबाई हे बोलली. मोठ्यानं. मी टेबलापुढं उभा. माझी नात ज्योती भिंतीला चिकटलेली. खुर्ची मोकळी होती. मी आत आलो तशी बाईनं तिच्यावर आपली पर्स ठेवली. मी बघितलं.

"दवाखान्यात तपासून आणा. तसं काही नाही असं लिहून आणलं तरच खोलीत घेईन. इथं चांगल्या घरच्या मुली राहतात."

बाकड्यावर बसलेला एक बाप मिशीत हसला.

आम्ही धनगर. शहागडच्या अलीकडं वस्ती. मी चौथीपत्तुर शिकलो, मंग मेंढरांमागं गेलो ते आजवर. ज्योती आमच्या भावकीत बारावीच्या म्होरं गेलेली पहिली पोर. सायन्सला. तिच्या मार्कांवर तिला वसतिगृह भेटलं, कोणाच्या चिठ्ठीवर न्हाई.

तपासलं. तसलं काही नव्हतं. तपासायला नेताना पोरगी माझ्याकडं बघंना, मी तिच्याकडं बघंना. कागद नेऊन बाईच्या टेबलावर ठेवला. वाटलं, आता वरमंल. बाईनं वाचला अन् कडंला सारला.

"मग खाण्याचं भान नसेल. घरी कधी बघितलेलं नसतं, इथं फुकट मिळतं. गळ्यापर्यंत खायचं अन् ओकायचं. घेऊन जा चार दिवस."

फुकट. हा शब्द माझ्या जुन्या वळखीचा.

मी पोरगा होतो तवा आमची मेंढरं पाटलाच्या रानात बसायची. म्हणजे रात्रभर वावरात कोंडायची. लेंडी-मूत रानाला खत. त्याच्या बदल्यात दाणे अन् भाकर. पाटलीणबाई वरून भाकर टाकायची, माझ्या घोंगडीत. हात लागू नये म्हणून वरून. म्हणायची, "खा रे, पोटभर खा. फुकटच हाय." आमच्या लेंड्यांवर तिचं रान पिकायचं, अन् भाकर मातर फुकट. मी खाल्ली. भूक होती. तो शब्द भाकरीसंगं पोटात गेला, अन् आजवर जिरला न्हाई.

त्या दिशी हापिसातबी मी तो शब्द गिळला. हात जोडले. हातच जोडले मी, बाईला. एस्टीत पोरगी खिडकीला डोकं लावून बसली.

घरी म्हातारीनं पिठलं-भाकर केली. ज्योती म्हणली, भूक न्हाई. मंग घरात कोणी न्हाई असं बघून खाल्लं. मी दारातून पाहिलं. सकाळची भाकर, भांड्यातलं सगळं पिठलं, गूळ, कच्चे शेंगदाणे. चव घेत नव्हती. मागं लांडगा लागल्यावाणी खाऊन राह्यली होती. मंग उठून विहिरीमागं गेली. बाभळीआड. आवाज आला. परत आली तं डोळे लाल, गाल सुजलेले, बोटांवर दातांचे वळ.

म्हातारीनं मीठ-मोहरी ओवाळली. शेजारीण म्हणली, बाहेरचं हाय. कोणी म्हणलं, जंत.

मी म्हणलं, आयुष्य गेलं जितराबात, मला नका शिकवू. मेंढी चारा खायचा सोडती तवा आम्ही तिला आखूड दाव्यानं बांधतो, जबडा धरतो, अन् बांबूच्या नळीनं ओवा-सुंठीचा काढा घशात वततो. तसाच काढा केला. वाटीत घेतला. पोरगी तोंड फिरवून राह्यली, तवा मी तिचा जबडा धरला.

तिनं झटका दिला न्हाई. नुसतं बघितलं.

"आबा, मी मेंढी हाय का?"

वाटी हातातून सुटली. काढा अंगणात सांडला. आजवर कळपात असं कधी झालं न्हाई की मला काहीच सुचंना.

दोन-तीन दिवसांनी ती मेंढरांच्या वाड्याच्या कडंला चक्कर येऊन पडली. छातीत धडधड, हातापायात गोळे. माझ्या ल्योकानं, ज्योतीच्या बापानं, जीप बोलावली. जालन्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. सलाईन लावली. मंग मनाच्या डाक्टरीणबाईकडं पाठवलं. तरणी होती. तिनं आधी खुर्ची पुढं केली. मी उभाच राह्यलो, सवयीनं.

"बसा बाबा. वेळ लागणार आहे."

तिनं आजाराचं नाव सांगितलं. बुलिमिया. मी दोनदा म्हणून घेतलं. म्हणली, हे बाहेरचं नाही, जंत नाही, हावरटपणा तर नाहीच. माणूस स्वतःला उपाशी ठेवतं, मग भूक अन् मन दोन्ही फुटतात, चोरून भरमसाट खाल्लं जातं. मग लाज, भीती, अन् ते बाहेर काढायची घाई. परत उपास. चक्रच. ओकून ओकून रक्तातले क्षार कमी होतात. हृदय बंद पडू शकतं.

"ह्यो श्रीमंताघरचा आजार न्हाई का?" मी इचारलं.

"तो घर विचारत नाही, बाबा."

"मंग कशानं झाला?"

"एका गोष्टीनं होत नाही. पण ज्योती सांगेल. तिला सांगू द्या."

ज्योती सांगायला लागली. माझ्याकडं न बघता.

"मेसमधी दुसऱ्यांदा भात मागितला, आबा. म्याडम तिथंच होत्या. म्हणल्या, घरी भात बघितला नव्हता का गं कधी? फुकटचं खाऊन फुगशील. सगळ्या हसल्या. मंग मला पोरी 'फुकट' म्हणून हाक मारायल्या. ए फुकट, इकडं ये. मी जेवायचंच सोडलं. मंग राहवंना. खाल्लं की वाटायचं, ते आत ठेवायचा मला हक न्हाई."

हक न्हाई. जेवणाचा. माझ्या पोरीला.

मला वाटलं आत्ता उठावं अन् त्या बाईचं हापिस पेटवावं. पण पेटवून पोरीच्या पोटात काय राहणार होतं?

डाक्टरीण म्हणली, औषध आहे, बोलणं आहे, वेळेवर जेवण आहे. पण महिने लागतील. बरं वाटंल, परत होईल. जबरदस्ती करू नका. ताटाकडं टक लावून बसू नका. जाड-बारीक काही बोलू नका. जेवल्यावर घंटाभर तिच्याजवळ कोणी असू द्या. नुसतं बसायचं.

नुसतं बसायचं. हे मला येतं. कळपापाशी जन्मभर हेच केलंय.

ज्योतीला परीक्षा द्यायची होती. घरी ऱ्हाणार न्हाई म्हणली. डाक्टरीणबाईचा कागद घेऊन परत हापिसात गेलो. बाईनं कोरा कागद पुढं केला.

"स्वखुशीनं वसतिगृह सोडतो, असं लिहा. असल्या आजाराचा दुसऱ्या मुलींवर परिणाम होतो. सही येत नसेल तर अंगठा चालेल."

खुर्चीवर पर्स होती. मी ती उचलली, टेबलावर ठेवली, अन् बसलो.

"सही येती मला. पण करणार न्हाई. तुम्हाला काढायचं तं तुम्ही काढा. अन् का काढलं ते तुमच्या अक्षरात लिवा. भात मागितला म्हणून, असं लिवा. अन् बाई, फुकट काही न्हाई इथं. तिनं मार्क आणलेत."

बाई लाल झाली. म्हणली, "पुरुषांना इथं बसता येणार नाही."

"आत न्हाई बसणार."

काढलं न्हाई. लिहून देणं तिला परवडलं नसतं.

यंदा आम्ही कळप अंबडच्या शिवारात आणला. रोज एका रानात बसवतो. ल्योक मेंढरं सांभाळतो. सांजच्याला मी वसतिगृहाच्या गेटासमोर, रस्त्याच्या पलीकडं लिंबाखाली घोंगडी टाकतो. ज्योती जेवती अन् येती. घंटाभर बसती. कधी बोलती, कधी न्हाई. मी इचारत न्हाई किती खाल्लं. जीभ वळवळती, पण इचारत न्हाई.

कधी जेवण पोटात राहतं. कधी न्हाई.

काल ती आलीच न्हाई. वर न्हाणीच्या खिडकीत लाईट लागला. बराच वेळ जळला. मला ठावं होतं आत काय चाललंय. मी खाली. आत जाता येत न्हाई, हाक मारता येत न्हाई. हाक मारली तं हसणाऱ्या पोरींना अजून एक नाव भेटंल. गेटवाला म्हणला, "आजोबा, उठा आता. म्याडमनी सांगितलंय." त्याचा काय दोष. मी म्हणलं, "रस्ता म्याडमचा न्हाई." लाईट विझला. मी तसाच बसून राह्यलो. लांडगा दिसत असला तं काठी मारता येती. ह्यो दिसतच न्हाई.

पोर वाचंल का न्हाई, मला ठावं न्हाई. डाक्टरीणबाईबी शब्द देत न्हाई. पण ह्या दारातून तिला कोणी हात धरून काढणार न्हाई, अन् मीबी तिला वळवून घरी नेणार न्हाई. ती जेवंल तं इथं जेवंल. दुसऱ्यांदा भात मागून जेवंल.

आज परत आलोय. घोंगडी टाकलीय. आत जेवणाची घंटा झाली.