हजेरीत नाव नसलेली मुलगी

ती घटना आठवायला मला निमित्त शोधावे लागत नाही. दर जूनमध्ये वर्तमानपत्रांत प्रवेशाच्या बातम्या सुरू होतात. कुठल्या कॉलेजातून कुठल्या कॉलेजात उडी मारली म्हणजे मूल डॉक्टर होते, यावर जाणकार लिहू लागतात. मी ते पान उलटतो.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती आणि तिथल्या एका पोलीस ठाण्यात मी फौजदार होतो. आमचे रोजचे काम म्हणजे वाडीच्या बांधावरून भांडणे, हातभट्टी आणि समुद्रावर मौजेला येऊन बुडणारे मुंबईकर. दिवाळी उलटल्यावर एका सकाळी वटार गावाहून निरोप आला की बावखलात एका मुलीचे प्रेत आहे. बावखल म्हणजे वाडी शिंपण्यासाठी खोदलेले तळे. त्या पट्ट्यात बहुतेक प्रत्येक वाडीला एक असते.

मुलगी सतरा वर्षांची, बारावी सायन्सची. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि सगळा गाव त्यांना मास्तर म्हणत असे. घर ख्रिस्ती, वाडी केळी-पानवेलीची, भिंतीवर येशूच्या तसबिरीखाली मुलीचे दहावीचे बक्षीस. मी पंचनामा केला. मास्तरांनी जबाब दिला तो वर्गात शुद्धलेखन सांगावे तसा, थांबून थांबून.

"पाणी आणायला कळशी घेऊन गेली होती. पायरी शेवाळलेली. घसरली."

पायरी कोरडी होती. कळशी पडवीत पालथी होती. पण पोलिसाने दिसते ते सगळे लगेच बोलायचे नसते. मी जबाब होता तसा लिहून घेतला, आकस्मिक मृत्यूची नोंद केली आणि चौकशी खुली ठेवली.

काही दिवसांनी जवळच्या पापडी गावची एक मुलगी आईला घेऊन पोलीस ठाण्यात आली. ही मुंबईच्या एका नावाजलेल्या कॉलेजात शिकत होती. मास्तरांची मुलगीही जूनपासून रोज तिच्याबरोबर त्याच कॉलेजात जात असे. आई बाकावर पुढे सरकून म्हणाली, "सांग गं साहेबांना. घरी रडतेस ते इथं सांग."

"ती आमच्याच वर्गात बसायची," मुलगी म्हणाली. "पण हजेरीत तिचं नाव कधी आलं नाही. मी विचारलं तर म्हणायची, माझी लिस्ट वेगळी आहे. मग परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवस आले. तीपण रांगेत उभी राहिली. खिडकीवरच्या क्लार्कनं विचारलं, तू कोण? सगळ्यांसमोर."

"मग कॉलेजला येणं बंद केलं?"

"नाही ना. रोज यायची. वर्गात नाही. बाहेर बाकावर बसायची, डबा खायची आणि आमच्याबरोबर परत यायची."

मी त्या कॉलेजात जाऊन खात्री केली. या नावाची विद्यार्थिनी त्यांच्याकडे नव्हतीच. वसईच्या ज्या कॉलेजातून तिने अकरावी केली होती, तिथे कळले की जूनमध्ये तिचे नाव काढून दाखला नेण्यात आला. जागा लगेच भरली गेली.

मी मास्तरांना हे सांगितले तेव्हा त्यांनी चष्मा पुसला. "कॉलेजची काहीतरी चूक असेल."

"बदली कुणी करून दिली, मास्तर?"

"आता काय उपयोग साहेब? माझा जबाब झालेला आहे."

बदली कोण करून देतो हे शोधायला कष्ट पडले नाहीत. स्टेशनरोडला एका मिठाईच्या दुकानावर एक 'शैक्षणिक मार्गदर्शन केंद्र' होते. चालवणाऱ्याला सगळे प्रोफेसर म्हणत. तो कशाचा प्रोफेसर, हे कुणी विचारले नव्हते. सफारी, खिशाला दोन पेनं, आणि बोलण्यात 'मेरिट' हा शब्द इतक्या वेळा की ऐकणाऱ्याला आपण नापास झाल्यासारखे वाटावे. त्याचे म्हणणे असे की प्रॅक्टिकलचे मार्क कॉलेजच्या हातात असतात. गावच्या कॉलेजातून मेडिकलला कोण जाणार? अकरावी इथे करा, बारावीला मुंबई गाठा. यात थोडे खरे होते. पूर्ण खोट्यावर एवढे मोठे दुकान चालत नाही. शिक्षकदिनाला आमच्या इन्स्पेक्टरसाहेबांच्याच हस्ते त्याला शाल मिळाली होती.

मी केंद्रात गेलो तेव्हा त्याने चहा मागवला.

"दुःखद घटना," तो म्हणाला. "हुशार मुलगी. माझ्या व्याख्यानांना यायची. बाकी माझा संबंध नाही."

"बदलीचे पैसे घेतलेत."

"कुणाकडून? एक तरी फिर्यादी आणा साहेब. मीच तुमच्या जीपमध्ये येऊन बसतो."

त्याचे बरोबर होते. फिर्यादी नव्हता.

डिसेंबरात वटारच्या चर्चचा वार्षिक सण आला आणि मला बंदोबस्त लागला. मी घाटावरचा, हिंदू. तोवर मी चर्चचे अंगण पाहिले होते, मिस्सा म्हणजे त्यांची उपासना कधी ऐकली नव्हती. दाराशी उभा राहून ऐकू लागलो. फादर वेदीवरून सांगत होते, आजची मिस्सा कुणाच्या विनंतीवरून आहे. एकाच्या आईच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून. एकाच्या बरे झालेल्या पायाबद्दल आभार म्हणून. मग पापडीच्या एका कुटुंबाकडून, मुलाच्या शिक्षणातील विशेष हेतूसाठी. वटारच्या दुसऱ्या एका कुटुंबाकडून, मुलीच्या शिक्षणातील विशेष हेतूसाठी. आणि कळंब गावच्या एका हिंदू कुटुंबाकडून, तेही मुलाच्या शिक्षणातील विशेष हेतूसाठी.

मी हवालदाराला विचारले, "विशेष हेतू म्हणजे काय रे?"

"म्हणजे नवस साहेब. पण लोकांना कळू द्यायचं नसतं तेव्हा असं म्हणतात."

प्रोफेसर वसईचा नव्हता. पुढे कळले, प्रत्येक पालकाला त्याने बजावले होते की जागा एकच आहे, कुणाकडे बोललात तर गेली. सख्ख्या भावांनी एकमेकांना सांगितले नाही. पण देवाला सांगायचे म्हणजे इथे ते फादरमार्फत सांगावे लागते आणि फादर ते सगळ्या गावासमोर वाचतात, हे त्याला ठाऊक नव्हते.

मिस्सेनंतर मी फादरना भेटलो. म्हातारे, बागकामाने हात राकट झालेले. त्यांनी चहा दिला.

"मी वेदीवरून वाचलं ते सगळ्यांनी ऐकलंय," ते म्हणाले. "ती घरं मी दाखवतो. पापनिवेदनात कुणी माझ्या कानात सांगितलेलं काही विचारलंत, तर मात्र चहा संपवून उठायचं."

तिन्ही घरी मी साध्या कपड्यांत गेलो. तिन्ही घरचे मूल रोज सकाळी डबा घेऊन मुंबईला जात होते. परीक्षेचे फॉर्म विलंबशुल्क भरून घेण्याची मुदत अजून संपली नव्हती. आई-बापांनी फिर्याद दिली असती, तर दाखले परत मिळवून मुलांना जुन्या कॉलेजातून परीक्षेला बसवता आले असते. एकानेही तोंड उघडले नाही. पापडीचे गृहस्थ मुंबईत सरकारी कचेरीत होते. त्यांनी मला दारातच ऐकवले, "आमचं सगळं रीतसर चाललंय. तुमच्या येण्यानंच बिघडेल." कळंबचा शेतकरी गोठ्यातून उठलासुद्धा नाही.

"पोऱ्या जातो कालेजात. मी कोनाला काय बोलनार? तुमचा पोऱ्या कुठं शिकतो साहेब?"

"पुण्याला. बोर्डिंगात."

"तो कसा गेला, इचाराया कोन आलेलं काय तुमच्या घरी?"

मी परत फिरलो. पोलिसाच्या धाकाने माणसे गप्प बसतात हे मला माहीत होते. ही माणसे धाकाने गप्प नव्हती. बोललो तर आपल्या मुलाची जागा जाईल, अशी त्यांना खात्री होती. एक मुलगी मेली होती, तरीही. ती तर घसरून मेली होती ना.

म्हणून शनिवारी मी पुन्हा मास्तरांकडे गेलो. शाळा सुटली होती, ते फळा पुसत होते. मी म्हटले, "त्या तीन घरांना माझं पटत नाही. तुमचं पटेल. मुदत चार दिवसांत संपतेय."

ते फळा पुसत राहिले. पुसून झालेला भाग पुन्हा पुसला. "माझा जबाब झालाय," एवढेच म्हणाले.

रविवारी दुपारी फादरनी तिन्ही कुटुंबांना आपल्या पडवीत बोलावले. फादरचा शब्द म्हणून ते आले आणि एकमेकांना पाहून ओशाळले. पापडीचे गृहस्थ वटारच्या बाईंना म्हणाले, "तुम्हीपण?" त्या म्हणाल्या, "आम्ही काय, सहज आलो." मी मुदतीचे पुन्हा सांगितले. कुणी मान वर केली नाही.

तेव्हा मास्तर आले. त्यांना मी निरोप दिला नव्हता. फादरनीही दिला नव्हता. मी खुर्ची पुढे केली, पण ते उभेच राहिले.

"माझी मुलगी घसरली नाही," ते म्हणाले.

वटारच्या बाईंनी पदर तोंडाला लावला.

"फॉर्म भरायच्या दिवशी घरी आली. म्हणाली, बाबा, माझं नाव तिथं नाहीच. मी तिला म्हटलं, प्रोफेसर सर बघतील. तू जात राहा. कुणाला बोलू नकोस. म्हणून ती जात राहिली. दिवाळीत पुन्हा म्हणाली. मी पुन्हा तेच म्हटलं." मग तिन्ही घरांकडे बघून म्हणाले, "तुमची मुलं उद्या डबा घेऊन निघतील. निघण्याआधी त्यांना एकच विचारा. हजेरीत तुझं नाव घेतात का. मास्तर असून मी ते विचारलं नाही."

कळंबचा शेतकरी उठून सरळ चालू लागला. मी हाक मारली तर मागे न बघता म्हणाला, "पोऱ्याला इचारून येतो."

सोमवारी ठाणे अंमलदार हजेरी घेत असतानाच तो मुलाला घेऊन दारात उभा होता. मुलाचे डोळे सुजलेले. बाप म्हणाला, "लिवून घ्या माजं. पैलं माजंच लिवा." पाठोपाठ बाकीचे आले. कलम चारशे वीसखाली गुन्हा दाखल झाला आणि प्रोफेसर जीपमध्ये बसला. स्वतःहून नव्हे.

कोठडीत तो दाखले कुठे ठेवले ते सांगेना. केंद्रात ते मिळाले नव्हते; विरारला त्याची एक खोली असल्याची नुसती कुणकुण होती. त्याच्यावर हात टाकण्याची गरज नव्हती; त्याला श्रोता हवा होता. मी फाइल मिटून म्हटले, "एक खाजगी विचारू? माझा पुतण्या अकरावीला आहे. मार्क साधारण. काय करावं?"

त्याचा चेहरा खुलला. आपण कुठे बसलो आहोत हे तो विसरला. "पहिली गोष्ट म्हणजे जुन्या कॉलेजातून नाव काढायचं," तो म्हणाला. "दाखला हातात आला की पालक मागं फिरत नाही. मग मुलाला वर्गात नेऊन बसवायचं. दीडशे मुलांत कोण मोजतं? त्याला सांगायचं, तुझं नाव पुरवणी यादीत येईल."

"आणि दाखला?"

"तो आपल्याकडे. म्हणजे पालक आपल्याकडे."

"आपल्याकडे म्हणजे विरारच्या खोलीवर?"

हो म्हणून त्याने जीभ चावली, पण उशीर झाला होता. पोलिसासमोरची कबुली कोर्टात चालत नाही. पंचांसमक्ष केलेली जप्ती चालते. खोलीत पत्र्याच्या पेटीत सगळे दाखले होते, मास्तरांच्या मुलीचाही. एकही कुठल्या कॉलेजला गेला नव्हता. कोर्टात नेताना तो मला म्हणाला, "मुलं मुंबईच्या वर्गात बसली की नाही साहेब? शिकली की नाही?" त्याला खरेच तसे वाटत होते.

जुन्या कॉलेजचे प्राचार्य म्हणाले, नियमात बसत नाही. त्यांच्या खुर्चीमागे शिक्षकदिनाचा फोटो होता. त्यात ते आणि प्रोफेसर शेजारी, गळ्यात सारखेच हार. मी तो फोटो जरा जवळ जाऊन बघितला. मग नियम सापडला. तिन्ही मुलांचे फॉर्म मुदतीत गेले. त्यांतले कुणी डॉक्टर झाले नाही. परीक्षेला मात्र सगळी बसली. प्रोफेसरला शिक्षा झाली. मला ती फार कमी वाटली, कायद्याला पुरेशी वाटली.

मास्तरांचा पुरवणी जबाब मी फादरच्या पडवीतच घेतला होता. पहिला जबाब फाडून टाका म्हणाले. मी सांगितले की फाडता येत नाही, त्याला नवा जोडता येतो. त्यांनी सगळे सांगितले. खोटे का बोललो तेही सांगितले. आत्महत्या म्हटले असते, तर तिला चर्चच्या दफनभूमीत आजीच्या थडग्याजवळ जागा मिळाली नसती असे त्यांना वाटले होते. सही करून त्यांनी फादरकडे पाहिले.

"आता तिला बाहेर काढतील का?"

फादरनी त्यांच्या हातातले पेन काढून बाजूला ठेवले. मग म्हणाले, "मास्तर, माती देतानाच मला ठाऊक होतं. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून मी सांगितलं नाही."

त्यानंतर नोकरीत मी कितीतरी मृत्यूंची चौकशी केली. कुणाशी वैर होते का, काही लपवत होते का, हे प्रश्न सगळेच पोलीस विचारतात. मी त्यात एक घालत असे: मेलेल्याने हे आधी कुणाला सांगितले होते का? बहुतेक वेळा सांगितलेले असते. घरातल्याच कुणाला, जेवताना किंवा दारात चपला घालताना. आणि ऐकणाऱ्याने प्रेमानेच, भल्यासाठीच उत्तर दिलेले असते की थोडे दिवस काढ, कुणाला बोलू नकोस.