फुलदाणीवरचं हळदीचं बोट

खंडाळ्याच्या ज्या बंगल्यात आईने बत्तीस वर्षं केर काढला, तिथल्या जुन्या वस्तू लिलावात निघाल्या. मालकीणबाई वारल्या होत्या आणि त्यांच्या मुलांना बंगला रिकामा करून हवा होता. आईच्या जागी आता मी कामाला होते.

लिलावाचा माणूस हातमोजे घालून आला. दिवाणखान्यातली चिनी मातीची उंच फुलदाणी त्याने उजेडात फिरवली आणि विचारलं, "मानेखाली हा पिवळा डाग कसला?"

मला ठाऊक होतं. दसऱ्याला जवळच्याच औंढे गावातल्या आमच्या घरी विळे-कोयते पुजून झाले, की आई उरलेली हळद घेऊन बंगल्यावर यायची. आधी झाडूला बोट लावायची, मग फुलदाणीला. मी हसले की म्हणायची, "हसती काय? रोज पुसती मी तिला. तिला मान नको व्हय?" दर वर्षी त्याच जागी बोट टेकल्यामुळे हळद बारीक चिरांत पार मुरली होती.

एवढं सांगायला माझं काय जात होतं? पण आपण अडाणी ठरू, याचीच मला लाज वाटली. "माहीत नाही," म्हणाले.

त्याने कसल्याशा औषधाची बाटली आणि कापूस माझ्यापुढे केला. आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी खाली बसून नीट, न कंटाळता घासलं. आपल्या कामाला कुणी नाव ठेवता कामा नये, हे तिनेच शिकवलेलं.

त्याने भिंग लावून पाहिलं.

"छान," म्हणाला. "आता काहीच दिसत नाही."