लिव्ह अँड लायसन्सवरची होडी

गेली वीसेक वर्षं मी भाईंदर पूर्वेला लोकांना घरं भाड्याने मिळवून देतोय. लोक मला ब्रोकर म्हणतात, बायको तिच्या माहेरी 'प्रॉपर्टी कन्सल्टंट' म्हणते. करारावर सही घेण्याआधी मी एक छोटंसं भाषण करतो. उजवा हात छातीवर, आवाज खालच्या पट्टीत. "साहेब, हा लिव्ह अँड लायसन्सचा करार आहे. घर तुमचं नाही. राहायची परवानगी तेवढी तुमची. मालकाने नोटीस दिली की पडदे काढून न्यायचे. आणि भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत." खिळ्यांपाशी लोक हसतात. न वाचता सही करायला निघालेल्याला मी दरडावतो, "आधी वाचा! उद्या मला विचारू नका."

असा हा वाचनाचा प्रचारक कॉम्प्युटरवर गेम घेताना 'मी सहमत आहे' या चौकोनात न वाचता टिचकी मारत आलाय. एकदा नाही, दोनशे वेळा तरी.

मला गेमचं वेड तरुणपणापासून. तेव्हा गेम डब्यातून यायचा आणि सुरू करताना आपली तोंडी परीक्षा घ्यायचा. सोबत आलेल्या पुस्तिकेच्या सतराव्या पानावरचा चौथा शब्द कोणता? पुस्तिका हरवली की आपण चोर. मग ऑनलाइन दुकान आलं. डबा नाही, पुस्तिका नाही, फक्त 'विकत घ्या' असं लिहिलेलं एक हिरवं बटण. मला वाटलं, सुटलो.

बायकोचा कारभार वेगळा. तिने टीव्हीला गेमचा एक खोका जोडला, त्यात सीडीसारख्या चकत्या घालून ती गाड्या पळवते. चकत्या ठेवते फराळाच्या स्टीलच्या डब्यात. भिशीतल्या मैत्रिणींना उसन्या देते, कंटाळा आला की विकते, दुसरी आणते. मी तिला भंगारवाली म्हणायचो. माझी दोनशे गेमची इस्टेट हवेत होती. हवेला धूळ बसत नाही, असं मी दिवाणखान्यात उभं राहून सांगायचो.

पाच वर्षांपूर्वी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आई मुर्धा गावची, आमच्याकडे जेसल पार्कला राहायला आली तरी बोली तिकडचीच. तिने आयुष्यभर मासळी विकली. होडी बाबांची होती, सुकाणू बाबांच्या हातात, आणि पुढे ती विकली तेही बाबांनीच. आईला कळलं ते होडी उत्तनच्या गिऱ्हाइकाकडे गेल्यावर. तर अशी ही बाई पाय लांब करून भिंतीकडे बघत बसली होती. मी तिच्यासमोर कॉम्प्युटरवर एक होडीचा गेम लावला आणि खेळायचा रिमोट हातात दिला.

तिने चार वर्षं होडी खाली ठेवली नाही.

गेममध्ये मोठी गोष्ट होती म्हणे. परक्या देशातला एक बंदर-अधिकारी डोक्यावर उद्गारचिन्ह घेऊन धक्क्यावर उभा असायचा. त्याच्याशी बोललं की गोष्ट पुढे सरकते. आई त्याच्याशी कधी बोललीच नाही. "त्याला काय कामधंदा न्हाय," म्हणायची आणि होडी काढायची. पडद्यावरच्या निळ्या माशाला रावस म्हणायची, पिवळ्याला घोळ. गेम बनवणाऱ्यांना भरती-ओहोटी कळत नाही, हे तिने पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं. छोटी होडी तिने हळूहळू तीन डोलकाठ्यांची केली आणि बाबांच्या होडीसारखी रंगवली. निळी, पिवळ्या पट्ट्याची.

गेल्या वर्षी कंपनीचा मेल आला. 'प्रिय खेळाडू, एका सुंदर प्रवासाची सांगता होत आहे.' महिन्याभरात सर्व्हर बंद होणार आणि गेम उघडणार नाही. नोटीस महिन्याची. माझ्या करारातही तेवढीच असते, फक्त माझा मालक डिपॉझिट तरी परत देतो.

गंमत बघा. आई एकटीच खेळते, समुद्र आमच्याच कॉम्प्युटरमध्ये. तरी दर वेळी उघडताना गेम कंपनीला विचारायचा, ही बाई चोर तर नाही ना? कंपनी म्हणायची, आज नाही. आता विचारायला कुणी उरणार नाही, म्हणून दार बंद. ज्यांनी गेम खरोखर चोरला त्यांनी तो प्रश्नच काढून टाकला होता. त्यांच्या होड्या मजेत तरंगणार. बुडणार ती पैसे भरलेल्यांची.

भाडेकरूंना घर खाली करायला सांगताना माझी जीभ कधी अडखळली नाही. आईसमोर ती तीन दिवस रेटली नाही.

"आई, तुझी होडी जाणार."

"कुठं?"

"कंपनी गेम बंद करतेय."

तिने होडी आधी धक्क्याला लावली, मग माझ्याकडे बघितलं. "मंग विकून टाक."

"विकता येत नाही."

"भाचीला देऊ?"

"देता येत नाही. कंपनीने फक्त वापरायला दिली होती. तसं लिहिलंय त्यात."

"तू वाचलंस?"

मी पंख्याकडे बघितलं. बायकोने स्वयंपाकघरातून आवाज दिला, "अहो, हवेला धूळ बसली वाटतं!"

आईने रिमोट बाजूला ठेवला. मग म्हणाली, "पहिली तुझ्या बापाच्या नावावर व्हती. ही कंपनीच्या. बाला, एक तरी माझ्या नावावर कर की."

हे मात्र लागलं.

बायको म्हणाली, हाच गेम खोक्यासाठी चकतीवर निघाला होता, आणि त्याला इंटरनेट लागत नाही. मी दिमाखात मीरा रोडच्या एका चकचकीत दुकानातून नवा सीलबंद डबा आणला. उघडला तर आत चकती नाही, एक चिठ्ठी! हा नंबर टाका, इंटरनेटवरून उतरवून घ्या. म्हणजे हवाच, फक्त डब्यात भरलेली. बायको इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

मग आई स्वतः निघाली. आमच्या गल्लीच्या टोकाला जुन्या चकत्यांचं दुकान आहे, तिथे काठी टेकत गेली. चकती ओरखडलेली होती. तिने मासळी बघावी तशी उलटीपालटी करून, उजेडात धरून बघितली आणि दुकानदाराला तिच्या हिंदीत विचारलं, "ये मैं भाची को दिया तो कंपनी कुछ बोलेगी?"

"माँजी, भाची को दो, बेच दो, चाय का कप रखो ऊपर. आपकी चीज है."

"मेरे नाम का बिल बनाव."

सेकंडहँड चकतीचं नावासकट बिल त्याने आयुष्यात पहिल्यांदाच केलं असावं. आईने ते घडी करून बटव्यात ठेवलं, आधार कार्डाशेजारी.

जुन्या होडीतलं काहीच नव्या गेममध्ये आणता आलं नाही. शेवटच्या दिवशी आईने तीन डोलकाठ्यांची होडी भर समुद्रात नेली आणि तशीच सोडून कॉम्प्युटर बंद केला. "धक्क्याला बांधून काय? धक्का पण त्यांचाच."

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर छोटी, बिनरंगाची होडी आली. धक्क्यावर तोच अधिकारी, डोक्यावर तेच उद्गारचिन्ह. "हा अजून हितंच हाय!" आई म्हणाली आणि त्याच्या बाजूने निघून गेली.

आता होडी पुन्हा निळी झालीय, पट्टा बाकी आहे. गेल्या रविवारी आई देवळात निघाली होती. मी फराळाच्या डब्याकडे हात नेत विचारलं, "आई, जरा खेळू?"

ती दारात थांबली. माझं भाषण मी घरून फोनवरही करतो, ती वर्षानुवर्षं ऐकत आलीय. तिने उजवा हात छातीवर ठेवला आणि आवाज खालच्या पट्टीत नेला.

"होडी माझी हाय. चालवायची परवानगी तेवढी तुझी. मी देवळातनं येईपर्यंत." चप्पल घालून ती पुन्हा वळली. "आणि खिळे ठोकायचे न्हाय."