सुट्टीतला पाव

सप्टेंबरात एका मंगळवारी माझी बायको शाळेत शिकवायला गेली. साडेअकराला शाळेतून फोन आला. मी पोहोचलो तेव्हा ती गेली होती.

मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदन विधीला नागपूरहून माझी बहीण आली. तिने फ्रिज आवरला. त्यात बायकोची पावाच्या खमिराची बरणी होती. कणीक आणि पाणी एकत्र आंबवून, अधूनमधून नवं पीठ घालून तिने ते वर्षानुवर्षं जपलं होतं. बहिणीला ते इडलीचं बिघडलेलं पीठ वाटलं, तिने ते फेकून दिलं. मलाही ते तसंच दिसायचं.

मुलगी बंगळुरूला नोकरी करते. ती इथेच, हिंदी मुलखातल्या आलमबागेत वाढली. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत देते. डिसेंबरात फोनवर म्हणाली, "बाबा, आईचा ब्रेड अब कभी नहीं मिलेगा ना?"

"बघू," मी म्हणालो. जानेवारीत ती चार दिवस येणार होती. मला चहापलीकडे काही येत नव्हतं, पण बायकोची पावाची वही होती, आणि लिहिलेलं वाचून करता येतं यावर माझा विश्वास होता.

मी नव्या बरणीत कणीक आणि पाणी आंबत ठेवलं; दोन आठवड्यांनी त्यात बुडबुडे दिसू लागले. वहीत लिहिलं होतं: मळल्यावर साडेतीन तास, आकार दिल्यावर एक तास, मग ओव्हन. मी घड्याळ समोर ठेवून तसंच केलं. पाव विटेसारखा झाला. दुसऱ्या वेळी पीठ बदललं, तिसऱ्या वेळी पाणी वाढवलं, चौथ्या वेळी जास्त मळलं. चौथीही वीटच. तिच्या हातांना जे कळत होतं ते वहीत उतरलेलं नाही, असं मी धरून चाललो.

मुलगी आली त्या सकाळी समोरचं घर धुक्यात दिसत नव्हतं. तिने ओट्यावरचा पाव उचलून टकटक वाजवला.

"बाबा, ये दरवाज़े में अड़ाने के लिए है?"

"आधीचे तीन कोपऱ्यावरच्या गायीला दिले."

"खाए उसने?"

"वास घेतला आणि निघून गेली."

ती खाली बसून हसली. सप्टेंबरनंतर या घरात कुणी असं हसलं नव्हतं.

मग तिने वही घेतली आणि समासातल्या ओळी अडखळत मोठ्याने वाचू लागली. मी त्या घरगुती बारीकसारीक म्हणून सोडून दिल्या होत्या. 'कूलर बंद पडला, पीठ उतू गेलं.' 'आज पहिले दशहरी आंबे आले.' 'दुपारभर लाईट नाही.'

ती थांबली. "ये तो सब गर्मी की छुट्टियों का है, बाबा. स्कूल खुलने के बाद आई को टाइम कहाँ मिलता था?"

इतकी वर्षं तो पाव मी फक्त मे-जूनमध्ये खाल्ला होता, आणि ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. जूनच्या उकाड्यातले तास मी जानेवारीच्या पिठाला देत होतो.

त्या संध्याकाळी आम्ही पीठ मळलं, पातेलं रजईत गुंडाळलं, शेजारी गरम पाण्याची पिशवी ठेवली. मी दोनदा रजई उचलून पाहिली.

"सोने दो उसे," मुलगी ओरडली.

सकाळी पीठ दुप्पट झालं होतं. आकार दिल्यावर तासाभराने मी ओव्हनकडे निघालो, तर तिने वहीतल्या दुसऱ्या एका ओळीवर बोट ठेवलं: 'दाबून बघ. खळगा सावकाश भरला की तयार.' आमचा खळगा लगेच भरून येत होता. आणखी दोन तास थांबलो.

पाव फुगला. एका बाजूने फाटला, पण आतून जाळीदार होता. तिने लोणी लावून तुकडा खाल्ला.

"आईचा थोड़ा और खट्टा होता था," ती म्हणाली, आणि दुसरा तुकडा कापला.

ती परत गेली. वहीत बायकोच्या शेवटच्या नोंदीखाली मी लिहिलं: 'जानेवारी. धुकं. रजईत तेरा तास.' बरणी ओट्यावर आहे. वहीची निम्मी पानं कोरी आहेत.