धाकटीसाठी मी वेखंड चाटलं

आमची धाकटी सात वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. कळायचं सगळं. एखाद्या दिवशी पाण्यासाठी ‘पा’ निघायचा, दुसऱ्या दिवशी तोच ‘पा’ शोधताना नुसते ओठ हलायचे. मग ती, आमच्याकडे न बघताच, रिकामा तांब्या आणून कुणाच्या तरी मांडीवर ठेवायची. आम्ही म्हणायचो, “तोंडानं सांग!” एवढे शहाणे आम्ही.

अशात खालापूरहून आत्या कडावला आमच्याकडे आली ती वेखंड घेऊनच. सहाणेवर उगाळून मधातून चाटवलं की जीभ सुटते, ही तिची खात्री. रोज सकाळी दोघींनी धरायचं, एकीनं चाटवायचं आणि धाकटीनं दात आवळून घर डोक्यावर घ्यायचं.

“आत्या, मी चाटून दाखवते, मग ती पण चाटेल,” मी म्हणाले. दहा वर्षांची त्यागमूर्ती! खरं कारण असं, की लढाईमुळे साखर कार्डावर मिळायची आणि वाटीत मध होता. आत्याची पाठ वळताच मी वेखंडासकट वाटी साफ केली.

मग जिभेचा जो जाळ झाला म्हणता!

“काय झालं गं?” आईनं विचारलं.

“आव्व.”

“नीट सांग की!”

“आव्व!”

“आता ही पन मुकी झाली का काय?” आत्या ओरडली. प्रश्नावर प्रश्न, उत्तरासाठी कुणी थांबेचना.

थांबली ती धाकटी. एका हातात तांब्या, दुसऱ्यात ताकाची वाटी घेऊन ती माझ्यापुढे उभी राहिली. मी ताकाकडे बोट केलं. ते संपल्यावर तिनं वाटी भरून पुन्हा दोन्ही पुढे केली.

“वन्सं, बगा,” आई हळूच म्हणाली. “ही कवापासनं सांगते हाय. आपनच ऐकत नाय.”

वेखंड त्याच दिवशी बंद झालं. पण आत्या जिद्दीची. तिनं एका हातात भाकरी, दुसऱ्यात शेंगा धरल्या. “काय पायजे गं बाय?” म्हणाली आणि खरंच थांबली.

धाकटीनं दोन्ही हात बाजूला सारले. ओटीवरून आत्याच्या वहाणा आणल्या आणि दाराकडे तोंड करून जोडीनं मांडल्या.

मग आत्या पोट धरधरून हसली. “सांगितलं गं बाय, सांगितलं! पर जेवून जाऊ का तशीच?”

धाकटीनं बराच वेळ घेतला. मग भाकरी उचलून आत्याच्या हातावर ठेवली. वहाणा मात्र हलवल्या नाहीत.