वच्छलामावशीची प्रतिक्रिया

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. माझ्या पोटात काही राहत नाही, असं गावात सगळेच म्हणतात — पण हे राहिलं. चांगली काही वर्षं राहिलं.

मी कामरगावचा वार्ताहर. पेपरची एजन्सी माझी, झेरॉक्सचं दुकानही माझंच. आणि उगाच लाजत नाही, सांगूनच टाकतो — माझ्यासारखी ‘प्रतिक्रिया’ आमच्या तालुक्यात कोणी लिहीत नाही. हो, लिहीत. घेण्याच्या भानगडीत कोण पडतो? अर्थसंकल्प असो नाहीतर निवडणुकीचा निकाल, डॉक्टर, मुख्याध्यापक, व्यापारी, सगळ्यांचा एकच निरोप : फोटो पाठवतो, बाकी तू पाहून घे. मी पाहून घ्यायचो. दुसऱ्या दिवशी ही मंडळी स्वतःचे विचार पेपरात वाचून खूश व्हायची, कात्रण जपून ठेवायची. यात कोणाचं काय बिघडत होतं? काहीच नाही. म्हणूनच तर हात इतका सरावला होता.

सीमेवर लढाई पेटली होती. एका संध्याकाळी देशाचे एक मोठे नेते टीव्हीवर आले आणि ही लढाई कशी गरजेची आहे, हे अर्धा तास समजावून सांगत राहिले. बोलले छान. मलाही पटलं — खोटं कशाला बोलू? भाषण संपतं न संपतं तोच ऑफिसचा फोन : जनतेच्या प्रतिक्रिया पाठव, आणि एखाद्या जवानाची आई मिळाली तर पहिल्या पानावर घेऊ.

जवानाची आई माझ्या दुकानापासून शंभर पावलांवर राहते. वच्छलामावशी. एकुलता एक मुलगा त्याच सीमेवर, आणि पाच दिवस त्याचा फोन नव्हता. मी गेलो तेव्हा सून वंदना पाण्याला गेली होती. मावशी टीव्हीसमोर डाळ निवडत बसली होती, आणि तेच भाषण पुन्हा दाखवत होते. काय वाटतं, म्हणून मी विचारलं. तिने मानसुद्धा वर केली नाही.

“हा तिथं बसून बोलून राह्यला. माह्या पोराले घरी येऊ दे, मंग आयकीन मी याचं.”

एवढंच. मी फोटो काढला, दुकानात आलो आणि लिहिलं — ‘मुलगा आधी देशाचा, मग माझा. तो परत आला नाही तरी मी रडणार नाही.’

पहिल्या पानावर आलं, तिच्या फोटोसकट. इतकी शुद्ध भाषा मावशीची कुठून? पण पेपरात सगळेच शुद्ध बोलतात, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. गावाने डोक्यावर घेतलं. विहारापुढे तिचा सत्कार ठरला.

पण थांबा — मी सांगायला बसलोय ते हे नव्हे. हे तर माझं रोजचंच होतं.

दोन दिवसांनी मावशी दुकानात आली. मागे वंदना, रडून सुजलेल्या डोळ्यांनी, हातात पेपर. सरपंच खुर्चीवर बसलेले, सत्काराची पत्रिका करून घ्यायला.

“तूच सांग बापू इले,” मावशी म्हणाली. “मी असं म्हनलं काय?”

ती चिडलेली नव्हती. मी ‘नाही’ म्हणणार, याची तिला पक्की खात्री होती. वंदना माझ्याकडे पाहत होती. सरपंचही पाहत होते. किती सोपं होतं! एक शब्द.

“म्हनलं ना मावशी,” मी म्हणालो. “तुमच्या ध्यानात नसन राह्यलं.”

आणि वर हसलो. तिच्या डोळ्यांत पाहून, शांतपणे. इथे हात सरावला होता, असं म्हणायची सोय नाही. मला सगळं कळत होतं — तिचं काय होईल तेही, आणि माझं काय वाचेल तेही.

मावशीला वाचता येत नाही. तरी तिने तो पेपर सुनेच्या हातून घेतला आणि बराच वेळ त्यावर नजर फिरवली. मग हळूच म्हणाली, “असन मंग.”

वंदना त्याच दिवशी आपल्या लहान पोरीला घेऊन माहेरी गेली. पुढे लढाई थांबली. मुलगा सुखरूप परत आला, बायकोला घेऊन आला. पण चूल वेगळी झाली, ती झालीच. तो तिला घेऊन आला त्या दिवशी मीही भेटायला गेलो होतो. मावशीनेच मला चहा दिला. मग ती सगळ्यांदेखत सुनेपुढे उभी राहिली.

“चुकलं माह्यं वंदना. माह्या तोंडून असं कसं निंगालं, मलेच समजत नाही.”

वंदना पोरीला घेऊन आत गेली. मुलगा म्हणाला, “जाऊ दे माय.” मी चहा संपवला.

मावशी अजून गावातच आहे. ते वाक्य आपणच बोललो, असं तिला आजही वाटतं. ती बोलली नव्हती. ते माझं होतं.