दोन टोले सिस्टरसाठी

डॉक्टरांच्या टेबलावर पितळेची एक घंटी होती. वरून तळहातानं दाबली की टिण् वाजायची. एक टोला म्हणजे पुढचा पेशंट आत, दोन टोले म्हणजे सिस्टर आणि तीन म्हणजे कंपाउंडर. एवढ्याशा भाषेवर तो दवाखाना वर्षानुवर्षं चालला, आणि चालला म्हणजे काय, धावला! बाकावर जागा नसली तर माणसं पायरीवर बसायची, पण दुसऱ्या डॉक्टरचं तोंड बघायची नाहीत.

कारण हे डॉक्टर विचारायचे. "काय होतंय?" म्हणून विचारलं की हातातलं पेन खाली ठेवायचे आणि समोरच्या स्टुलावरच्या माणसाकडे असे बघायचे, की आता जगात दुसरं काम म्हणून नाहीच. पोट धरून आलेला शिंपी बोलता बोलता सुनेच्या अबोल्यापर्यंत पोचायचा. एक निवृत्त मास्तर खोकला दाखवायला आले, पोटभर बोलले आणि खोकला न दाखवताच उठले. पायरीवर चपला घालताना त्यांना आठवण झाली. म्हणाले, "राहू दे, आता येत नाहीये." सगळा बाक हसला.

आत बसलेल्या डॉक्टरांची मात्र एक खोड होती. स्टुलावर बसलेल्या माणसाशीच त्यांना बोलता यायचं. उभ्या माणसापुढे त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. सिस्टर आणि कंपाउंडर तर दिवसभर उभेच! सिस्टर लग्नानंतर लगेच कामाला लागल्या होत्या. त्यांच्या हाताला असा गुण होता की सुई निघून गेल्यावर पोरांना रडायची आठवण व्हायची. डॉक्टर पेशंटांपुढे तोंडभर कौतुक करायचे, "आमच्या सिस्टर म्हणजे सोनं आहे." पण सिस्टर आत आल्या की, "गॉज द्या." बस्स. मनात आकस वगैरे काही नव्हता हो. घरच्या माणसांना काय विचारायचं, असा त्यांचा सरळ हिशोब.

खऱ्या घरातही तोच हिशोब. बायको ताट वाढायची, हे खाली मान घालून जेवायचे. एकदा ती हसत म्हणाली होती, "एक दिवस मी केसपेपर काढून रांगेत बसणार आहे. मग तरी विचाराल, काय होतंय म्हणून!" डॉक्टरही हसले होते. ती रांगेत बसली नाही. दुखणं अंगावर काढलं आणि गेली. तेव्हापासून वरच्या मजल्यावरच्या त्या घरात एक ताट, एक पेला आणि एका माणसाचा पायरव. डॉक्टर दवाखाना उशिरापर्यंत उघडा ठेवू लागले. लोक म्हणाले, सेवाभावी माणूस. आता वर जायचं जिवावर येतं, हे लोकांना कोण सांगणार?

तर एका सकाळी कंपाउंडर न बोलावता आत आला. गोळ्यांच्या पुड्या बांधताना दिवसाला चार शब्द खर्च करणारा माणूस तो.

"सिस्टर चालल्या," तो म्हणाला.

"कुठे?"

"मोठ्या हॉस्पिटलात. पहिल्या तारखेपासून."

सिस्टर गेल्या तर दवाखाना निम्मा बसणार होता, पण त्यांना ते सुचलंही नाही. त्यांना एवढंच कळलं, की सकाळी दार उघडताना पडद्यापलीकडे भांड्यात पाणी उकळल्याचा तो आवाज आता नसणार. सिस्टर डिस्पोजेबल सुयांच्या जमान्यातही चिमटे-कात्र्या उकळून घेत, तो आवाज. घरात तर कसलाच आवाज नव्हता.

जाऊ नका म्हणायचं, असं त्यांनी ठरवलं. दोन टोले दिले. सिस्टर येऊन उभ्या राहिल्या.

"सिस्टर..."

"हं, डॉक्टर?"

"कापूस संपलाय वाटतं."

सिस्टरनी बरणीकडे पाहिलं. कापूस झाकणाबाहेर डोकावत होता. "आणते," म्हणाल्या आणि गेल्या. दुपारी पुन्हा दोन टोले. तेव्हा पंखा हळू करायला सांगितला. संध्याकाळपर्यंत त्या माणसाचं कापूस, पंखा, खिडकी, कॅलेंडर, सगळं बोलून झालं. जे बोलायचं ते राहिलंच. बाहेर शिंपी सिस्टरना म्हणाला, "आज डॉक्टरांना घंटी नवीन मिळाली का काय?"

दुसऱ्या दिवशी दोन टोले वाजले, पण कोणी आलं नाही. पुन्हा वाजवले, तरी नाही. डॉक्टर चरफडले आणि एक टोला देऊन मोकळे झाले. पुढचा पेशंट आत आला, स्टुलावर बसला, केसपेपर टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी सवयीनं पेन खाली ठेवलं.

"काय होतंय?" म्हणत मान वर केली, तर समोर सिस्टर! अंगात पांढरा कोट नाही. बाहेर जायची साडी, मांडीवर पर्स.

"झोप लागत नाही, डॉक्टर."

"कधीपासून?" प्रश्न आपोआप आला. स्टुलावरच्या माणसाला विचारायचा रिवाजच होता तो.

"पोरीचं लग्न झाल्यापासून. हे आधीच गेले, आता तीही गेली. घरी कुलूप काढलं की घर माझ्याकडे बघतं, मी घराकडे. इथं आले की घंटी. परवा त्या हॉस्पिटलात भेटायला गेले, तर तिथल्या मेट्रन बाईंनी पहिलं काय विचारलं माहितीय? जेवलात का? मला रडूच फुटलं हो. तिथंच हो म्हणून आले."

बाहेर बाक खोकत होता. केसपेपरवर डॉक्टरांची नजर खिळली होती. एकदा असाच एक केसपेपर निघायचा राहून गेला होता.

"बायकोही म्हणायची," ते हळूच म्हणाले, "की रांगेत बसते म्हणून."

"माहितीय. मला सांगायच्या वहिनी. म्हणून तर बसले."

मग मात्र डॉक्टर बोलले. आधी वहिनींबद्दल, मग वरच्या त्या पेल्याबद्दल. बोलता बोलता चष्मा पुसला आणि शेवटी विचारलं, "नाही गेलं तर नाही चालणार?"

"शब्द देऊन बसले, डॉक्टर. परवाच्या आधी विचारलं असतंत तर..." सिस्टर उठल्या. "गोळी काही देऊ नका. बोलले, बरं वाटलं."

आणि पहिल्या तारखेला त्या गेल्या. गोष्टीत माणसं परत येतात, इथं नाही आली.

नवी मुलगी आली, तिला डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्टुलावर बसवलं. "काय होतंय?" ती घाबरून म्हणाली, "मला काही झालं नाही, सर. डिप्लोमा आहे माझा!" पण हळूहळू सवय झाली. आता दवाखाना उघडायच्या आधी ती आणि कंपाउंडर आळीपाळीनं स्टुलावर बसतात. घंटी ड्रॉवरमध्ये गेली. पेशंटला बोलवायला डॉक्टर स्वतः उठून दारापर्यंत येतात आणि गुडघा धरून परत जातात.

परवा शटर ओढायच्या वेळी कंपाउंडर दारात घुटमळला. डॉक्टर वर जायचं टाळत उगाच टेबल पुसत होते.

"डॉक्टर, जेवणाचं काय तुमचं?"

"सकाळचं आहे ना."

कंपाउंडरनं किल्ल्या परत खिळ्याला अडकवल्या. डॉक्टरांच्या हातातलं फडकं घेतलं आणि त्यांना खांद्याला धरून स्टुलावर बसवलं. स्वतः मात्र खुर्चीवर बसायला धजेना, उभाच राहिला.

"बस की रे," डॉक्टर म्हणाले. "उभ्या माणसाशी मला नाही बोलता येत."